सुपातल्या बिड्या

बाबा फौजेत होते आणि आई बिड्या वळायची. लाखांदूरकडच्या आमच्या गावात धानाची कामं उरकली की बहुतेक बाया सूप मांडीवर घेऊन तेंदूपत्ता कातरायला बसत. रेडिओ मात्र एकच, शेजारच्या म्हातारीकडे. तिला आम्ही मोठी माय म्हणायचो.

एकाहत्तरच्या हिवाळ्यात लढाई सुरू झाली. बाबा कुठल्या सीमेवर आहेत, हे आईलाही ठाऊक नव्हतं. गावानं आमची काळजी घ्यायचं ठरवलं, आणि ती अशी घेतली की आईचा जीव टांगणीला लागला. आई अंगणात दिसली की मोठी माय रेडिओ बंद करायची. विहिरीवर गेलो की बायांचं बोलणं थांबायचं. आईच्या कानावर वाईट काही पडू नये, एवढाच त्यांचा हेतू. आईला मात्र वाटलं, बातमी आलेली आहे आणि आपल्यापासूनच लपवताहेत. तिनं जेवण टाकलं. मला त्या बायांचा भयंकर राग यायचा. आजही आठवलं की थोडा येतोच.

एका संध्याकाळी आईनं सूप काखेत मारलं, माझा हात धरला आणि सरळ मोठ्या मायच्या ओसरीवर जाऊन बसली.

"बाई, बातम्या लावा. तुमी बंद करता तं मले वाटते, ते गेलेच."

मोठी माय उठली. तिनं रेडिओ लावला.

मग रोजच बाया आपापली सुपं घेऊन येऊ लागल्या आणि ओसरी भरू लागली. बातम्या लागल्या की आईचे हात थांबत. बिड्या कमी भरल्या तर ठेकेदाराचा माणूस ऐकून घेणारा नव्हता. शेजारी बसलेली बाई आपल्या बिड्या हळूच आईच्या सुपात सरकवायची. मोठी माय तर मूठभर टाकायची आणि वर आईलाच आळशी म्हणायची. आईची नजर रेडिओवर, तिला हे दिसत नाही, असं मला वाटायचं.

उन्हाळ्यात बाबा आले. वाळले होते, पण आले. मोठ्या मायनं चक्क रेडिओला हळदकुंकू लावलं.

पुढं ती गेली; जाताना रेडिओ आईला देऊन गेली. सत्त्याऐंशीत मी माहेरी आले होते, तेव्हा गावातल्या एका जवानाला श्रीलंकेला पाठवलं होतं. त्याची नवी बायको दार लावून बसायची आणि तिला पाहिलं की बाया पुन्हा गप्प. आईनं रेडिओ माझ्या हातात दिला, सूप घेतलं आणि तिच्या ओसरीवर जाऊन बसली. बातम्या सुरू झाल्या तशी पोर आपलं सूप घेऊन दाराबाहेर येऊन बसली. ऐकता ऐकता तिच्या हातातला तेंदूपत्ता तसाच राहिला. आईनं आपल्या बिड्यांची मूठ तिच्या सुपात टाकली.

परतताना मी विचारलं, तुला तेव्हा ते सुपातलं कळत होतं?

"कळत होतं," आई म्हणाली. "तवाच तं जेवाले लागली मी."