बिनपंख्याचा कॉम्प्युटर

वाल्मीक खोडे माझ्या क्लासात टायपिंग शिकायला आला नव्हता, टेबलं मोजायला आला होता. साल १९९५. रविवार कारंज्याजवळ माझा टायपिंगचा क्लास होता आणि जो तो सांगत होता, बाई, आता कॉम्प्युटर घ्या नाहीतर कुलूप लावा. मी एक घेतला. आडवा पसरलेला डबा, त्याच्या डोक्यावर मॉनिटर. टाइपरायटरच्या टेबलावर तो ठेवला की की-बोर्डला जागाच उरेना. मुली की-बोर्ड मांडीवर घेऊन बसायच्या. टेबलं वाढवून घ्यावीत म्हणून सातपूरहून पत्र्याचं काम करणारा माणूस बोलावला, तो हा.

त्याने चपला दाराबाहेर काढल्या. तेव्हा कॉम्प्युटरच्या खोलीत देवळात जावं तसं जायचे लोक. टेबल मोजायचं सोडून त्याने डब्याचे स्क्रू काढू का म्हणून विचारलं, आत डोकावला आणि हसला.

"बाई, ह्यात अर्धी हवा विकलीय तुम्हाला."

"उरलेली अर्धी तरी चालते ना?"

"चालते की. पण तिला एवढा बंगला कशाला? टेबल नका वाढवू. डबा कमी करू."

मला वाटलं, माणूस बोलघेवडा आहे. पण महिन्याभराने तो खरंच नवा डबा घेऊन आला. आतलं सामान तेच, फक्त बोर्डावर उभी असायची ती कार्डं आडवी बसवलेली. टेबलावर डबा, मॉनिटर, की-बोर्ड, शिवाय मुलीची वही, सगळं मावलं. वर्षभरात माझ्या आठही टेबलांवर त्याचे डबे आले.

मखमलाबादच्या माळ्याच्या घरातला हा मुलगा. वडील भिका खोडे शेवंती आणि मेथी करायचे. वाल्मीकने आयटीआय केलं आणि विजेच्या पॅनेलचे डबे करणाऱ्या कारखान्यात लागला. पत्रा असा वळवायचा की कोपऱ्यावर नख फिरवलं तरी सांधा लागू नये. कारखान्याची शिफ्ट सांभाळून घरी कॉम्प्युटर जोडायचा आणि दर दोन-तीन वर्षांनी नवा, आणखी लहान डबा माझ्यापुढे आणून ठेवायचा. आवाजाचं आणि चित्राचं कार्ड मुख्य बोर्डावरच यायला लागलं, तेव्हा डबा निम्मा झाला. पुढे वीतभर लांबी-रुंदीचा बोर्ड मिळायला लागला, प्रोसेसर त्यावरच पक्का बसवलेला. लॅपटॉपसारखा अ‍ॅडॉप्टर लावून त्याने वीजपुरवठ्याचा ठोकळाही बाहेर काढला. राहिला फक्त पंखा.

"पंखाच सगळा घात करतो बाई," तो म्हणायचा. "खेड्यातली धूळ ओढून घेतो नि वर्षात अडकतो. लोकं म्हणतात, कॉम्प्युटर गेला. जातो तो पंखा."

२००४मध्ये त्याने पंखाही काढला. डब्याचं झाकण जाड अ‍ॅल्युमिनियमचं केलं आणि ते थेट प्रोसेसरला टेकवलं. आतली उष्णता झाकणात, झाकणातली हवेत. चालू डब्यावर हात ठेवला तर चहाच्या कपाएवढा गरम लागायचा. स्वस्त, मुका, भाकरीच्या डब्याएवढा कॉम्प्युटर. दुसऱ्या कोणाला मी हुशार म्हटलं नसतं. त्याला म्हटलं, तोंडावर म्हटलं. तो लाजला.

या सगळ्यात त्याच्या घरावर एक घाव पडून गेला होता. मुलगी हर्षाली, सहा वर्षांची, २००२च्या पावसाळ्यात तापाने गेली. बायको मनीषा शिवणकाम करायची. गल्लीतले निम्मे ब्लाउज तिच्या हातचे. मुलगी गेल्यावर तिने शिलाई मशीनला हात लावला नाही. स्वयंपाक करायची, विचारलं तर उत्तर द्यायची, एवढंच. समोरच्या चिमणाबाई कापड घेऊन आल्या तर म्हणाली, "हात चालत नाय काकू." अशी अडीच-तीन वर्षं गेली.

२००५मध्ये माझी जुनी विद्यार्थिनी शुभांगी निफाडजवळच्या एका मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका झाली. तिला दहा कॉम्प्युटर हवे होते. मी वाल्मीकचं नाव सांगितलं. संस्थेच्या लोकांनी डबा उलटसुलट करून पाहिला आणि अट घातली, वर्षभर नीट चालले तर आमच्या तीसही शाळांत हेच घेऊ. वाल्मीकने कारखान्याची नोकरी सोडली. मी ओरडले त्याच्यावर. तो म्हणाला, "आता नाय सोडली तर कधी सोडणार? एक वर्ष बाई. एक वर्ष चालले की झालं."

आणखी एक गोष्ट होती. ते गाव मनीषाचं माहेर. तिची आई कुसाबाई शाळेला लागूनच राहायची.

डबे न्यायच्या आदल्या दिवशी मी मखमलाबादला गेले. ओसरीवर दहा डबे ओळीने मांडलेले आणि दहाही डब्यांवर निळी कव्हरं. आत कापसाचा पातळ थर, कडेला पांढरी किनार. मागे वायरींसाठी कातरलेल्या खाचा, पुढे बटणासाठी भोक, त्यालाही किनार. कव्हर न काढता कॉम्प्युटर वापरता यावा इतकं नेटकं काम. मनीषा खाली बसून शेवटचा दोरा तोडत होती.

"माझ्या गावच्या पोरी बसणार त्याच्यापुढं," ती म्हणाली. "उघडं कसं पाठवायचं?"

आपल्याकडे जी वस्तू जिवाची, ती आपण झाकतो. रेडिओ झाकला, टीव्ही झाकला, मिक्सरला झालर लावली. मी वाल्मीककडे पाहिलं. झाकणाला मोकळी हवा लागण्यावर त्याच्या साऱ्या कामाची मदार होती. तो डब्यांकडे बघतच नव्हता, बायकोकडे बघत होता. तीन वर्षांनी ती शिवायला बसली होती.

"बेस झालीत," तो म्हणाला.

बाहेर आल्यावर मी त्याला धरलं. "अरे, गुदमरतील ते!"

"शाळेत सांगतो ना बाई. चालू करताना काढायची, बंद केल्यावर घालायची. सोपंय."

आणि त्याने सांगितलंही, कॉम्प्युटर शिकवणाऱ्या मास्तरांना, दोनदा. दिवाळीनंतर ते मास्तर नोकरी सोडून गेले. नव्या बाईंना कोणी काही बोललं नाही. कव्हर न काढता सगळं चालतंय, तर काढेल कोण? थंडी होती तोवर निभावलं. मार्चमध्ये पत्र्याचं छत तापलं आणि शुभांगीचा मला फोन आला. सहा बंद पडले होते, उरलेले मधेच अडकत होते.

मी वाल्मीकबरोबर गेले. वर्ग रिकामा होता. त्याने पहिल्या डब्यावरचं कव्हर उचललं, झाकणाला तळवा लावला आणि झटकन मागे घेतला. उघडून पाहिलं तर बोर्डावरचे कपॅसिटर, ती बोटाच्या पेराएवढी नळकांडी, उष्णतेने फुगलेले. एकेक करत त्याने दहाही कव्हरं काढली आणि घडी घालून पिशवीत ठेवली. तेवढ्यात शुभांगी संस्थेच्या साहेबांना घेऊन आली.

"काय झालं हो खोडे?" साहेबांनी विचारलं.

मी तोंड उघडणार होते. त्याने माझ्याकडे पाहून नुसती 'नको' अशी मान हलवली.

"बोर्ड कच्चे निघाले साहेब. पंखा काढला ते माझं चुकलं."

"म्हणजे तुमच्या डब्यातच दोष?"

"हो साहेब. माझ्याच."

परतताना एसटीत मी त्याला सोडलं नाही. "वेडा आहेस का तू? खरं सांगितलं असतं तर तीस शाळा मिळाल्या असत्या! कव्हरं काढली की चालतात, एवढंच सांगायचं होतं!"

"आणि कव्हरं कोणी शिवली म्हणून विचारलं असतं तर? शाळेतलं बोलणं संध्याकाळी सासूबाईंच्या ओट्यावर. तिथनं फोन मनीषाला. बाई, ती आत्ता कुठं शिवायला लागलीय. तिच्या हातनं झालं असं तिला कळलं तर ती परत उठायची नाय."

मी गप्प बसायचं कबूल केलं. मला ते मुळीच पटलं नव्हतं.

दहाही डबे परत आले. शाळेत कंपनीचे मोठे कॉम्प्युटर गेले, गुरगुरणाऱ्या पंख्यांचे. वाल्मीक दुसऱ्या एका कारखान्यात पुन्हा शिफ्टला लागला. डबा असा त्याने पुढे एकही केला नाही. २००८मध्ये वर्तमानपत्रात एका मोठ्या कंपनीची जाहिरात आली; वहीएवढा, स्वस्त, टेबलावर मावणारा कॉम्प्युटर. मी ती कापून त्याच्याकडे नेली. त्याने वाचली, घडी घालून खिशात ठेवली. "चांगलाय," म्हणाला. "पंखा ठेवलाय त्यांनी."

पुढच्याच वर्षी कारखान्याच्या गेटवर छातीत कळ येऊन तो गेला. चव्वेचाळीस वर्षांचा होता.

दिवसकार्य झाल्यावर मी मखमलाबादला गेले. मनीषाचं शिवणकाम तोवर जोरात चाललं होतं. हाताखाली दोन बायका होत्या. ती कोरड्या डोळ्यांनी बोलत होती.

"माणूस सोन्यासारखा बाई. पण दहा डबे धड नाय करता आले. माहेरी मान खाली घालून जाते मी. आई अजून म्हणते, जावयानं पोरींना खराब माल दिला. मीसुद्धा बोलायचे त्यांना, रागाच्या भरात. हसून ऐकून घ्यायचे."

एवढं ऐकून मला राहवलं नाही. तीन वर्षं धरून ठेवलेलं सगळं मी एका दमात सांगून टाकलं: झाकण, उष्णता, कव्हरं, एसटीतलं बोलणं. वाल्मीकने जिवापाड जपलेली एकच गोष्ट मी मोडली, तीही त्याच्याच घरात बसून. बरोबर केलं की चूक, हे मला आजही सांगता येत नाही.

मनीषा रडली नाही. हातातल्या कापडाची कड तिने ओढून सरळ केली. मग म्हणाली, "त्यांनी एकदा तरी ओरडायचं होतं माझ्यावर."

"नाही ओरडला."

"उद्या माझ्याबरोबर चला. आईपुढं आणि शाळेत सांगायचं, डबे चांगले होते. माझ्यानं बिघडले म्हणून सांगायचं. तुम्ही शिकलेल्या हाय, तुमचं ऐकतील."

आम्ही गेलो. कुसाबाईंनी सगळं ऐकलं, डोळ्याला पदर लावला आणि म्हणाल्या, "आता बोलून काय माणूस येतो का, मने?" शाळेत शुभांगीची बदली झालेली होती. नवे मुख्याध्यापक भले होते, खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं. मनीषाने मनाशी घोकून ठेवलेलं वाक्य सांगितलं. "सर, चार वर्षांपूर्वीचे ते कॉम्प्युटर चांगले होते. बिघाड आमच्या कव्हरांमुळं झाला. करणाऱ्याचा दोष नव्हता."

सरांनी कारकुनाकडे पाहिलं. कारकुनाने खांदे उडवले.

"कोणते कॉम्प्युटर?" सर म्हणाले. "इथे तर पहिल्यापासून हेच आहेत."

"नाय हो सर," मनीषा खुर्चीवरून उठली. तिने दोन्ही हात पुढे करून मधे वीतभर अंतर धरलं. "एवढे होते. एवढे एवढेच. अजिबात आवाज करायचे नाय."

सर तिच्या हातांकडे पाहत राहिले. त्यांना काही ठाऊक नव्हतं आणि ती हात खाली घेत नव्हती.