मंदाताईंच्या उजव्या कानातला नाद

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, देवापुढे हात जोडतानाही नाही — तिथे तर मी हटकून दुसरंच काहीतरी मागत बसते. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, मंदाताईंनाही ओळखत नाही, म्हणून असेल.

मी कळंबोलीला राहते. इथल्याच लोखंड बाजारात एका ऑफिसात कारकुनी करते. मंदाताई आमच्या खालच्या मजल्यावर. वयाने माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठ्या, एकटीच्या जिवावर मुलगा वाढवलेल्या, तो आता नोकरीला बाहेरगावी; घरी ब्लाऊज शिवायच्या. कान इतके तिखट, की मशीन चालू असतानाही जिन्यावरच्या पावलांवरून माणूस ओळखायच्या. मी वर चढत असले की आतूनच हाक यायची, “शोभा, आज दमलीस गं?” त्यांना रविवारच्या बैठकीला मीच ओढून नेलं. हट्टाने. एकटीला जायची लाज वाटायची मला.

बैठक सोसायटीच्या हॉलमध्ये भरायची. आमच्याच इमारतीतले निवृत्त मास्तर, अण्णा, ती घ्यायचे. एक पैसा न घेता, अगदी मनापासून. अंगठ्यांनी दोन्ही कान बंद करायचे, डोळे मिटायचे आणि आतला नाद ऐकायचा — कुणी न वाजवता वाजणारा, अनाहत. आधी भुंग्यासारखी गुणगुण येते, अण्णा सांगायचे, मग घंटा, मग बासरी. उजव्या कानात आला तर फारच चांगलं. आणि तास संपला की सतरंजीवर गोल बसून प्रत्येकाने आपला अनुभव सांगायचा. ध्यान परवडलं, पण तो गोल नको, असं मला व्हायचं.

कारण मला काही ऐकूच यायचं नाही! आठ महिने बसले. स्वतःची धडधड आणि शेजारच्या इमारतीतल्या कुकरच्या शिट्ट्या, एवढंच. “काही नाही,” असं मी म्हटलं की अण्णा मायेने म्हणायचे, “होईल.” त्या ‘होईल’चा मला किती राग यायचा, काय सांगू. मग खारघरची एक मुलगी यायला लागली. तिसऱ्याच रविवारी तिला बासरी ऐकू आली. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. माझ्याही होतं — पण ते वेगळं.

पुढच्या रविवारी माझी पाळी आली आणि मी म्हणाले, “उजव्या कानात. लांबून. घंटेसारखं.”

इतकंच. तीन तुकडे. पण खोटंसुद्धा कुठूनतरी उचलावं लागतं ना? मी ते ऑफिसातून उचललं होतं. आमच्या खिडकीसमोरच्या यार्डात ट्रेलर आला की एक माणूस लोखंडी पत्र्यावर सळईने चार ठोके मारतो आणि क्रेनवाल्याला ओरडतो, “उठाव!” दिवसभर तेच कानावर. बैठकीत बोलताना माझ्या डोक्यात ते ठोके होते. ठोके, यार्ड, तो माणूस — यातलं मी काहीच तिथे बोलले नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण मी ते हजारदा आठवून पाहिलं आहे.

त्या दिवसापासून माझी किंमत वाढली. बायका मला जिन्यात थांबवून विचारायला लागल्या. मंदाताईंना तर कोण कौतुक! “माझ्या शोभाला नाद लागला,” असं त्या भाजीवाल्यालासुद्धा सांगायच्या. मी दर रविवारी थोडी थोडी भर घालत गेले. सवय होते हो. खोटं बोलताना छातीत धडधडतं म्हणतात — माझं तर शांत व्हायला लागलं होतं.

आता ती सकाळ. तिथे जायचंच नाही म्हणून मी इतका वेळ इकडचं तिकडचं सांगत बसले, तुमच्या लक्षात आलंच असेल.

शुक्रवार होता. मी डबा भरत होते आणि मंदाताई वर आल्या. बाहेर जायची साडी, हातात पिशवी, चेहरा उतरलेला. रात्री झोपल्या तेव्हा ठीक होत्या. उठल्या तर उजवा कान बंद, आणि आत सारखं काहीतरी वाजतंय. पनवेलच्या कानाच्या डॉक्टरांची अकराची वेळ मुलाने घेऊन दिली होती. दारातच त्यांनी माझा हात धरला. “शोभा, मला भीती वाटतीये गं. हे दुखणं आहे की ते आहे? तुला माहीत. तू सांग.”

मला माहीत होतं. कालपर्यंत धडधाकट असलेला कान एका रात्रीत बंद होतो, ते दुखणंच. शाळेतलं पोर सांगेल. पण डॉक्टरने त्याला दुखण्याचं नाव दिलं असतं, तर रविवारी त्या गोलात सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या असत्या. तुम्हीही दाखवून घ्या हो शोभाताई, तुमचाही उजवाच ना? मग काय सांगणार होते मी?

“तेच आहे,” मी म्हणाले. “डॉक्टर औषध देऊन बंद करून टाकेल. लोक जन्मभर बसतात यासाठी, मंदाताई.”

त्यांचा चेहरा उजळला. खरंच उजळला. माझ्याच फोनवरून त्यांनी दवाखान्यात येत नसल्याचं कळवलं. मी डबा पुरा भरला आणि ऑफिसला गेले.

मुलाने जबरदस्तीने नेलं तेव्हा पाच आठवडे झाले होते. उजवा कान गेला होता, कायमचा. पहिल्या आठवड्यात आला असतात तर प्रयत्न करता आला असता, असं डॉक्टर म्हणाले. मंदाताईंनी हे मला हसत हसत सांगितलं. नाद मात्र चालूच होता, आणि त्यांना तेवढंच हवं होतं.

पुढे एका दुपारी मी त्यांच्याकडे बसले होते. सुईत दोरा ओवता ओवता त्या म्हणाल्या, “घंटा नाही गं ती. लोखंडावर लोखंड आपटल्यासारखं. चार ठोके. मोजलेत मी. आणि मग एक माणूस म्हणतो, उठाव.”

आमचं ऑफिस त्यांनी कधी पाहिलेलं नाही. ते ठोके मी कुणालाच सांगितलेले नाहीत. मग ते त्यांच्या मेलेल्या कानात कसे गेले? मी कसंबसं विचारलं, कुणाचा आवाज आहे? त्या म्हणाल्या, “तो कुणाला म्हणतो ते कळत नाही. पण मी उठून बसते.” आणि पुन्हा दोरा ओवायला लागल्या.

दोन वर्षांनी डावा कान वाजायला लागला. या वेळी त्यांनी मला विचारलं नाही. कुणालाच विचारलं नाही, मुलालाही सांगितलं नाही. दोन्ही कानांत आला म्हणजे आता पुरं झालं, असं त्यांनी आपलं आपण ठरवलं आणि दार लावून ऐकत बसल्या. आता त्यांना बाहेरचं काहीच ऐकू येत नाही. शिवणकाम सुटलं. बेल वाजवली, दार बडवलं तरी उठत नाहीत. किल्ली माझ्याकडे असते. आत गेलं की भिंतीकडे तोंड करून बसलेल्या असतात, मान किंचित वाकडी. कधी मध्येच ताडकन उठून उभ्या राहतात.

परवा मी त्यांच्या पाठीमागे उभी राहून सगळं बोलले. पहिल्या रविवारपासून त्या शुक्रवारपर्यंत, एकही गोष्ट न गाळता, मोठ्याने. बोलून झाल्यावर रडले. मग त्यांच्या समोर गेले. माझा चेहरा बघून त्यांनी मुलाने आणून दिलेली वही पुढे केली. आजकाल आम्ही त्यांना जे सांगायचं ते त्यात लिहितो. पेन त्यांनी स्वतः उघडून माझ्या हातात दिलं, आणि वाट बघत राहिल्या.

मी लिहिलं, “चहा ठेवू का?”