आधी धोंडा, मग पाय

लेबनॉनमधल्या बालबेकच्या वरच्या अंगाला राहणारा नौफल गवंडी हा दबके नाचातला म्होरक्या. हातात हात गुंफलेल्या नाचऱ्यांच्या रांगेच्या टोकाला तो, मोकळ्या हातात जपमाळ गरगरवणारा. त्याने उडी घेतली की अख्खी रांग उसळायची. पन्नाशी उलटली तरी खोड काही जात नव्हती.

बापाची शिकवण एकच, आधी धोंडा, मग पाय. पावसाळी दिवसांआधी धाब्याच्या घरांवर दगडी रूळ फिरवायचा, मग शेजाऱ्यापाजाऱ्यांनी रांगेत पाय आपटून माती बसवायची. त्यातूनच हा नाच निघाला, असं म्हातारा सांगे. रूळ ढकलून अंग तापवल्याशिवाय आपटलास तर माती राहील तशीच, पाय तेवढा मोडेल!

गेल्या वर्षी एका लग्नात नौफलने ही शिकवण चक्क धाब्यावर बसवली. निवांत कॉफी पीत होता. फोटोवाला वसीम या काकाला म्हणाला, "अम्मो, एक उडी!" आणि हा उठून तसाच उडाला. फोटो झकास आला. पोटरी मात्र फाटली, आणि बायकोची, नुहादची, बोलणी खात गडी हिवाळाभर लंगडला.

आज लेकीचं, रीमाचं, लग्न. तिची रांग आपणच ओढायची, एवढंच त्याच्या मनात होतं. पोटरी दगा देईल याची धाकधूकही होती.

"अम्मो, ऊन छान पडलंय. पाहुणे यायच्या आत एक उडी होऊन जाऊ दे," वसीम पुन्हा हजर.

"तुझ्या घरी जाऊन मार!" म्हणत नौफल कोटासकट गोठ्याच्या धाब्यावर चढला आणि रूळ ढकलू लागला.

नुहादने कपाळावर हात मारला. "अरे देवा, वऱ्हाड दारात आणि नवरीचा बाप गोठ्यावर!"

"बाबा, सरका जरा. मलाही नाचायचंय." पांढरा झगा वर खोचून रीमा शिडीने आली आणि तिने रुळाच्या दांड्याला हात घातला.

दोघं ढकलत राहिली, आधी हळूहळू, मग हसत-खिदळत. वसीमने खालून तेवढ्यात फोटो काढला. नौफलला घाम फुटला. त्याने भीतभीत पाय आपटला. मग जोरात. पोटरी गप्प.

संध्याकाळी तो उडाला, खाली आला, पुन्हा उडाला. त्याच्या हातात रीमाचा हात होता.

आता भिंतीवर दोन फोटो आहेत, पोटरी फाटली त्या उडीचा आणि रुळाचा. आल्यागेल्याला उडीचाच आवडतो. नौफल मात्र रुळाचा फोटो दाखवत म्हणतो,

"तो उडीचा सोड. त्यात मी खाली कसा आलो ते दिसत नाही."