पाठीवरचा गूळ

अठ्ठ्याण्णव सालची दिवाळी नुकतीच झालेली, आणि आभाळ तीन दिवस भरून राहिलेलं. अशा दमट हवेत गूळ पाझरतो. हातकणंगल्याजवळच्या त्या पॅकिंगच्या शेडात फरशी अशी चिकटली होती, की खोकी भरणारी अंबूबाई पुढं जायची आणि चप्पल मागं राहायची.

पिराजी पैलवान सकाळपासून गुळाची खोकी थप्पीला लावत होता. तरणेपणी एकाही मैदानात आपली पाठ मातीला लागली नाही, हे तो रोज चहाआधी एकदा आणि चहानंतर एकदा सांगायचा. येत्या जत्रेत कुस्त्यांचा पंच म्हणून त्याला फेटा बांधायचा होता.

"पैलवान, शिडी घ्या की!" अंबूबाई म्हणाली.

"शिडी बायास्नी," म्हणत गडी थप्पीवर चढला.

अंबूबाई तरी शिडी आणायला वळली. खालचं खोकं गुळानं भिजून मऊ झालेलं. ते बसलं, थप्पी कलली आणि पैलवान धाडकन फरशीवर उताणा! माणसं धावून येईतो कण्हत कण्हत पालथा झाला.

"पोटावर पडलो," त्यानं मालकाला, सोमशेखरअण्णांना, सांगितलं.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या डॉक्टरपुढंही तेच. निघताना अंगाभोवती गुंडाळलेला पंचा काही सोडला नाही. डॉक्टरनं पोट दाबलं, छातीचा फोटो काढला. "काही नाही. जा घरी."

पण पैलवानाला टेबलावरनं उठता येईना. तेवढ्यात बायको बयाबाई आली. तिनं पाठीवरचा पंचा धरून ओढला, तो टर्रकन आवाज करत सुटला. सदऱ्याला मानेपासून कमरेपर्यंत गूळ, वर मुंग्यांची रांग.

"पोटावर पडलासा न्हवं? मग ह्या मुंग्या काय जत्रंला आल्यात?"

पिराजीचा चेहरा उतरला. "पाठीला माती दिसली की पंच निकाल देतो, डॉक्टर. गावात कळलं तर मला फेटा कोण बांधंल?"

डॉक्टर कोल्हापूरचाच, कुस्ती जाणणारा. "पैलवान, समोर गडी कोण होता?"

"कोण न्हवतं."

"मग हरलासा कुणाला?"

"खोक्याला!" बयाबाई म्हणाली.

फोटो आता मागनं काढला. माकडहाडाला चीर होती.

जत्रेत पिराजीला फेटा बांधला. बसता येत नव्हतं, म्हणून सगळ्या कुस्त्या उभ्यानं निकालात काढल्या. एका जोडीत तर खाली वाकून गड्याची पाठ त्यानं इतका वेळ न्याहाळली, की मागनं कोणतरी ओरडलं, "पैलवान, गूळ हुडकतायसा काय?" सारं मैदान हसलं. पिराजीही हसला, पण बेतानं. हसलं की कमरेत कळ यायची.

पुढं कामावर आला तेव्हा कोपऱ्यातली शिडी त्यानं स्वतःच ओढत आणली. अंबूबाई पदर तोंडाला लावून उभी.

"बघतीस काय? धर की गं नीट," म्हणून त्यानं खालचं खोकं अंगठ्यानं दाबून बघितलं आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.