आईच्या ओळींमधली जागा

जबलपूरच्या फलाटावर आई माझी बॅग उचलून बघत म्हणाली होती, "काहून इतकी पुस्तकं? वाचायला वेळ तर भेटला पाहिजे." बाबांचा जन्म फॅक्टरीच्या भोंग्यावर गेलेला, ते घड्याळ बघत होते. गाडी हलली तेव्हा मला रडू आलं नाही, सुटल्यासारखं वाटलं. हे मी आत्ता, ती नसताना, पहिल्यांदा लिहिते आहे. तुमच्यातले जे निघाले त्यांना ते कळेल. जे तिथेच राहिले त्यांनी रागावू नये.

पुण्यात मी चार खोल्या बदलल्या. एका जागी बसवतच नाही. पुस्तक उघडते आणि खिडकीशी जाऊन उभी राहते. टिकला तो फक्त आमचा बँड. जुनी लोकगीतं आम्ही गिटार आणि ड्रमवर म्हणतो. यंदा पहिला अल्बम करायला घेतला. शेवटचं गाणं आईच्या आवाजातलं, भुलाबाईचं, म्हणजे भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली जमून म्हणतात त्यातलं, असं ठरलं.

ते मी तिच्या शेवटच्या हिवाळ्यात फोनवर रेकॉर्ड केलं होतं. जबलपुरात, विजय नगरच्या घरी, ती जवळच्या पनागर गावचा मटार सोलत बसली होती.

"थंडीत कुठली भुलाबाई?" ती हसली. "आणि भुलाबाई तरी महिनाभर राहते माहेरी. तू चार दिवसात पळून राहिली."

मग गायली. एक ओळ म्हणायची, थांबायची, माझ्याकडे बघायची. मी ओठांवर बोट ठेवून हातानं 'पुढे' अशी खूण करायचे. मला तिचा आवाज स्वच्छ हवा होता, मध्ये माझा नको होता. मार्चमध्ये ती गेली.

स्टुडिओत समीरनं, आमच्या गिटारवाल्यानं, तयार गाणं लावलं. ड्रम सुरू झाले आणि आई ओळीमागून ओळ म्हणत सुटली. श्वास न घेता. कुणी मागे लागल्यासारखी. मी उठून बाहेर गेले, परत आत आले.

"मध्ये मध्ये रिकामं होतं गं, ते काढलं," समीर म्हणाला. "माझी आजी पण म्हणायची ही गाणी. सलग म्हणतात."

त्याच्याकडे म्हणत असतील. आमच्या फॅक्टरीच्या क्वार्टरांत मराठी घरं तीनच होती. भुलाबाईला जमणाऱ्या मुली बहुतेक हिंदी बोलणाऱ्या. त्यांना जमावं म्हणून आई एक ओळ म्हणून थांबे, आणि त्या अर्थ न कळता मागून म्हणत. त्या मोठ्या झाल्या, क्वार्टर सुटलं, तरी तिचं थांबणं राहिलं. त्या हिवाळ्यात ती माझ्यासाठी थांबत होती, आणि मी तिला गप्प राहून पुढे ढकलत होते.

समीरला हे सांगताना माझा आवाज चढला. मूळ रेकॉर्डिंग काढून त्यानं सगळे थांबे परत जोडले, ड्रम काढून टाकले. मग ऐकलं. शेंगा फुटल्याचा आवाज येत होता. दुसऱ्या ओळीनंतर आई अगदी हळू म्हणाली होती, "म्हण ना." समोर बसून मला ते ऐकू आलं नव्हतं.

"इथे गिटार घालू?" समीरनं विचारलं.

"नको. मी म्हणते."

हेडफोन लावून मी माइकसमोर उभी राहिले. पहिली ओळ मी नुसती ऐकलीच. दुसरीला आवाज फुटला. तिसरीला मी इतकी घाई केली की तिची ओळ संपायच्या आतच सुरू झाले, आणि दोघींचे आवाज एकमेकींवर पडले.

"पुन्हा घेऊ या," काचेपलीकडून समीर म्हणाला.

मी नको म्हटलं. अल्बममध्ये ती ओळ तशीच जाणार आहे. घर कुठलं, असं कुणी विचारलं तर मी अजून जबलपूर सांगते. पण मनात मी त्या ओळीवर असते, जिथे ती अजून म्हणते आहे आणि मीही.