एकट्या माणसांचं विमान

पप्पा इराणमधल्या एका तेलाच्या गावात कंपनीच्या मेसमध्ये स्वयंपाकी होते. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना तिथे दंगे आणि संप सुरू झाले, आणि पप्पांची पत्रं बंद झाली. मग रेडिओवर सांगितलं, सरकार आपल्या माणसांना विमानाने परत आणतंय. मरोळच्या आमच्या गावठाणात कॉलेजात पोचलेला मी पहिलाच, त्यामुळे सरकारला विचारायचं काम माझ्याकडे आलं.

"जा ना, विचार," शेजारची मावशी म्हणाली. "का नुसती पँट घालायला जातोस रे कॉलेजात?"

फोर्टातल्या सरकारी कचेरीत मी गेलो. पाठ केलेलं इंग्रजी वाक्य खिडकीपाशी पोचेपर्यंत विसरलो आणि मराठीतच विचारलं. साहेबांनी न चिडता सांगितलं. वकिलातीने सगळ्यांना एका शाळेत जमवलंय. तिथून बसने विमानतळ. माणशी एक बॅग. आधी बायका-मुलं, मग कुटुंबवाले, शेवटी एकटे पुरुष.

"माझे वडील कुटुंबवाले आहेत," मी घाईने म्हणालो.

"तिथे कोण आहे त्यांच्याबरोबर?"

"कोणी नाही."

"मग ते एकटे. विमानतळ बंद पडला नाही तर येतील."

आईला मी एवढंच सांगितलं की ते शेवटच्या विमानाने येतील. विमानतळाचं बोललो नाही. "शेवटच्याच का?" तिने विचारलं, आणि मी सायकल बाहेर काढली.

तास संपले की मी सायकलने सांताक्रूझच्या विमानतळावर जायचो. बाहेर पडणाऱ्या बायका, जाड स्वेटर घातलेली मुलं, त्यांना मिठ्या मारणारे नातेवाईक. एकदा एका मराठी नर्सबाईंना धीर करून विचारलं.

"मेसवाले काका?" त्या म्हणाल्या. "अरे, त्या शाळेत तेच तर सगळ्यांना जेवायला घालतायत. माझा मुलगा तापाने पडला होता, तर त्याला पेज भरवली त्यांनी स्वतः."

पप्पा जिवंत होते. मला हायसं वाटलं. तरी परतताना सायकल मारवेना. मला तापात पप्पांनी कधी भरवल्याचं आठवत नव्हतं. ते घरी असायचेच कुठे?

पप्पा आले त्या दुपारी विमानतळाच्या दारापाशी गर्दी नव्हती. त्या विमानात सगळे पुरुषच. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. जो तो आपली बॅग छातीशी धरून बाहेर येत होता. पप्पा बारीक झाले होते.

"कॉलेज बुडवलंस?" ते म्हणाले.

"नाही, सुटलं."

त्यांची बॅग मी घेतली. ती विलक्षण जड होती आणि आतून काचेचा आवाज येत होता.

घरी आईने ती उघडली. शर्टात गुंडाळलेल्या बियरच्या तपकिरी बाटल्या. आमच्याकडे मे महिन्यात बायका अंगणात मसाला कुटतात आणि अशा बाटल्यांमध्ये काठीने ठासून भरतात. वर्षाला एक बाटली आई कोणाबरोबर तरी पप्पांना पाठवायची. त्याच सगळ्या परत आल्या होत्या. एकीचंही बूच निघालेलं नव्हतं.

"उघडल्यापण नाहीस?" आई पप्पांना म्हणाली.

"तुम्ही कधी तरी याल तिकडे. तेव्हा उघडू म्हटलं."

"आणि तू काय खाल्लंस?"

"मेसमधलं. साहेब लोकांना तिखट चालत नाही."

"एकट्यासाठी करायचंस की रे थोडं."

पप्पांनी मान हलवली. "एकट्याचं काय करायचं?"

आईने बाटल्या भिंतीशी मांडल्या आणि सगळ्यात जुनी उघडली. रंग विटकरी पडला होता. मी नाक लावून पाहिलं, भुशासारखा वास आला. मला वाटलं, ती फेकून देईल. तिने त्याच मसाल्याची मांदेलीची आमटी केली.

मी, आई आणि धाकटी बहीण जेवायला बसलो. आमटीला चव नव्हती. बहीण काही बोलणार होती, पण आईने तिच्याकडे पाहिलं. पप्पा ताट हातात घेऊन चुलीपाशी उभ्यानेच, भराभर जेवत होते. पुढची पंगत खोळंबली असावी तसे.

"बस ना," आई म्हणाली.

मी माझ्या शेजारी पाट सरकवला. ते आले, बसले. ताट मात्र त्यांनी खाली ठेवलं नाही.