समोरच्या काकांचं गाव

आपल्या गावावर इतकं प्रेम करणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. आणि ते गाव मात्र या माणसाने कधीच पाहिलेलं नव्हतं. आमच्या समोरच्या घरातले काका मूळचे नागपूरचे, पंचवीस वर्षं अमेरिकेतल्या ईडन प्रेरीत राहिलेले. पण "आमच्या गावात" अशी त्यांनी सुरुवात केली की ते नागपूर नसे, आणि ईडन प्रेरी तर नसेच नसे. ते असे इंग्लंडच्या एका कोपऱ्यातलं, जेमतेम तीस घरांचं खेडं. एका हिवाळ्यात काकांच्या छपरावर बर्फ साचून पाणी आत झिरपायला लागलं. उतरती छपरं कशी असावीत याची माहिती शोधायला ते इंटरनेटवर बसले, आणि शोधता शोधता त्या गावातल्या हौशी मंडळींनी आपल्या जुन्या घरांविषयी लिहिलेल्या पानावर जाऊन पोचले. छप्पर काकूंनी माणूस बोलावून दुरुस्त करून घेतलं. काका त्या पानावरून परत आलेच नाहीत.

आमच्या वसाहतीतली घरं इतकी एकसारखी, की पहिल्या वर्षी काका गॅरेजचं बटण दाबत आणि ज्याचं दार उघडेल ते आपलं समजत. त्या गावातलं घरन् घर मात्र त्यांना पाठ होतं. कुठलं छप्पर गवताने शाकारलेलं, कुठल्यावर कौलं आली, लोहाराच्या भट्टीच्या जागी आता कुणाची झोपायची खोली आहे, हे सगळं ते पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, रांगेत हातात पुलावाची प्लेट घेऊन सांगत. "अरे, भिंती कुडाच्या आहेत बे, कुडाच्या! काठ्या, माती न् शेण. आणि हेच लोक आपल्याला सिमेंट शिकवून गेले!" कुणी लंडनला निघालं की त्याला वाट वाकडी करून तिथे जायला लावत. एक बिचारा खरंच गेला आणि जुन्या बेकरीच्या चिमणीचा फोटो घेऊन आला. काकांनी तो बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाले, "वहिनींना जरा बाजूला उभं करता आलं नसतं का?" त्यांची मुलगी इथेच जन्मलेली. ती वैतागून म्हणायची, "बाबा, यू हॅव नेव्हर इव्हन बीन देअर!" यावर काका नुसते हसत. तिकिटाचा विषय काढला की मात्र त्यांना गुडघा आठवे. पाहिलं की संपेल, अशी काहीतरी धास्ती त्यांना असावी, असा माझा अंदाज.

तीन वर्षांपूर्वी त्या गावातल्या शेवटच्या घराच्या मालकिणीने तिथल्या बांधकाम कार्यालयाकडे परवानगीसाठी अर्ज केला. बारीक तावदानांच्या जुन्या लाकडी खिडक्या काढून तिला नव्या दुहेरी काचांच्या बसवायच्या होत्या. तिथे असे अर्ज सगळ्यांना वाचता येतात, आणि कुणालाही हरकत घेता येते. काकांनी चार पानांची हरकत पाठवली. आठवड्याभरात त्या बाईंचं उत्तर आलं. काकांनी ते मला वाचायला दिलं. चार ओळींचंच होतं. "तुम्ही कुठे राहता ते पाहिलं. माझी मुलगी आठ महिन्यांची आहे. माझ्या खिडकीपाशी जानेवारीत एकदा बसून दाखवा. येताना स्वेटर आणा."

दोन दिवस काका घराबाहेर पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी काकू म्हणाल्या, "बोलावलंय ना तिनं? मग जा की." आणि काका गेले. विमानतळावर मीच सोडलं. वाटेत एका घराचंही नाव त्यांनी काढलं नाही. एकदाच म्हणाले, "चिडलेली असेल का रे ती?"

ते तिथे पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या ड्राइव्हवेमधला बर्फ काढून काकूंकडे चहा घेत होतो, तेवढ्यात व्हिडिओ कॉल आला. तिकडे दुपारचे चार, पण दिवस मावळायला आलेला. काका घरात होते, तरी कानटोपी घालून. मागे बाई उभ्या, कडेवर तीन स्वेटरांचं गाठोडं, त्यातून एक लाल नाक बाहेर.

"अगं, खिडकी बंद आहे तरी पडदा हलून राहिला," काका हळू आवाजात म्हणाले, जणू बाईंना मराठी कळत होती. "उणे तीसमध्ये मी गाडीवरचा बर्फ खरवडतो, पण घरात बसून असा कधी कुडकुडलो नाही. आपण खिडक्यांना आतून ते प्लास्टिक लावतो ना, ते शेजारच्या गावातून घेऊन आलो. आता पुढे काय करायचं?"

"चारी कडांना टेप लावली?"

"लावली."

"मग त्यावर प्लास्टिक दाबून बसवा. नंतर तिचा हेअर ड्रायर घ्या आणि गरम हवा मारा. फार जवळ नेऊ नका, भोक पडेल."

"तुला कसं माहीत?"

"बावीस वर्षं मीच लावतेय. तुम्ही तेव्हा बेकरीच्या चिमणीत असता."

काकांनी ड्रायर सुरू केला. चुरगळलेलं प्लास्टिक हळूहळू ताणलं गेलं आणि बघता बघता दिसेनासं झालं. पडदा थांबला. बाईंनी खिडकीपाशी हात नेला, तो तिथेच ठेवला, आणि मग हसल्या. काकांनी टोपी काढली.

त्याच संध्याकाळी काकांनी हरकत मागे घेतली आणि बाईंनी अर्ज. दोघांनाही दुसऱ्याचं माहीत नव्हतं. तिथल्या कार्यालयाने काकांना अत्यंत सभ्य पत्र पाठवलं: आपली नक्की इच्छा काय आहे ते कृपया कळवावं. पुढे बाईंनी सुताराकडून आतल्या बाजूने काचेच्या वेगळ्या चौकटी करून घेतल्या. जुन्या खिडक्या जागच्या जागी राहिल्या.

तिथे आठ दिवस राहून काका परत आले. आम्ही महिनाभराच्या व्याख्यानाची तयारी ठेवली होती, ते झालंच नाही. विचारलं तर सांगत, पण मुलगी रांगायला लागली आणि चुलीपाशी जाते, बाईंना चहात आलं आवडलं, असलंच काहीतरी.

गेल्या एप्रिलमध्ये बाईंनी नोकरीसाठी ते घर विकलं आणि शहरात राहायला गेल्या. निघण्याआधी काढलेला एक फोटो त्यांनी काकांना पाठवला. आम्ही दोघं टपाल घ्यायला बाहेर आलो होतो, तेव्हा काकांनी तो दाखवला. मुलगी खिडकीला नाक लावून उभी होती. जुनी हातघडणीची काच, त्यामुळे बाहेरचा रस्ता किंचित लाटेसारखा वाकलेला. आता काका काचेवर अर्धा तास बोलणार, म्हणून मी टपाल काखेत मारून उभा राहिलो.

"उंच झाली बघ," काका म्हणाले.

मग त्यांनी फोन खिशात ठेवला. रस्त्याच्या कडेने वितळलेल्या बर्फाचं पाणी वाहत होतं. मी काचेबद्दल विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलंही नाही.